बार्बाडोसच्या सुट्टीत पैशांचा व्यवहार: नवख्या प्रवाशासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बार्बाडोसला पहिल्यांदा जाणारा प्रवासी बहुधा तिथल्या चलनाचा शोध मुंबई-पुण्यातच सुरू करतो आणि तिथेच त्याची दमछाक होते, कारण बार्बाडोस डॉलर आपल्याकडच्या परकीय चलन विक्रेत्यांकडे सहसा मिळत नाही आणि बार्बाडोसमधल्या बँकेत भारतीय रुपया बदलून मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. हा शोध सोडून द्यावा. रुपया आणि बार्बाडोस डॉलर या दोघांना जोडणारा दुवा अमेरिकन डॉलर हा आहे, आणि तो दुवा नीट समजला की या बेटावरचा पैशांचा हिशेब कॅरिबियनमधल्या इतर अनेक ठिकाणांपेक्षा सोपा होतो. २९ जून २०२४ रोजी भारताने जिथे टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला ते ब्रिजटाऊनचे केन्सिंग्टन ओव्हल पाहायला जाणारे असोत, नुसते समुद्रकिनाऱ्यावर आठवडा घालवणारे असोत, वा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाबाळांबरोबर जहाजाच्या सफरीत तिथे उतरणारे आईवडील असोत, पुढची माहिती त्या सर्वांच्या उपयोगी पडेल.

पहिली पायरी: दर समजून घेणे

१९७५ सालापासून एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोस डॉलर हा दर बांधलेला आहे. तो रोज वरखाली होत नाही, त्यामुळे 'आज दर चांगला आहे, आजच बदलून घेऊ' असा विचार तिथे करावा लागत नाही. किमतीच्या पाटीवरचा आकडा निम्मा केला की अमेरिकन डॉलरमधली किंमत कळते. बदलतो तो फक्त रुपया आणि अमेरिकन डॉलर यांच्यातला दर, आणि रोख डॉलर व डॉलर भरलेले कार्ड यांच्यापुरता तो तुम्ही निघण्यापूर्वीच भारतात ठरवून टाकलेला असतो.

म्हणूनच या बेटावर पैसा दरामुळे जात नाही. तो एका चलनातून दुसऱ्या चलनात जाण्याच्या प्रत्येक पायरीवर थोडाथोडा गळतो. रुपयातून डॉलर, डॉलरमधून बार्बाडोस डॉलर, उरलेल्यातून पुन्हा डॉलर, आणि त्यातून पुन्हा रुपया अशा चार पायऱ्या झाल्या, तर प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी आपला वाटा काढून घेतो. पायऱ्या कमी ठेवणे हेच खरे नियोजन आहे, आणि खालचा प्रत्येक सल्ला त्याच हेतूने दिला आहे.

दराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिन्ह. अमेरिकन आणि बार्बाडोस डॉलर दोन्हींसाठी डॉलरचे चिन्ह एकच वापरले जाते. उपाहारगृहाच्या पाटीवर, टॅक्सीवाल्याच्या तोंडी, सहलीच्या जाहिरातीत नुसते 'साठ डॉलर' असे म्हटलेले असते, आणि ते साठ बार्बाडोसचे की अमेरिकेचे यावर तुमचा खर्च दुप्पट होणार की नाही हे ठरते. स्थानिक लोक आपल्या चलनाला 'बेजन डॉलर' म्हणतात. स्थानिक दुकाने, बाजार आणि बस यांचे दर जवळजवळ नेहमी बेजन डॉलरमध्ये असतात. हॉटेले, जलक्रीडा आणि पर्यटकांसाठीच्या सहली यांचे दर पुष्कळदा अमेरिकन डॉलरमध्ये असतात. तरीही अंदाजावर विसंबू नये. खरेदी किंवा प्रवास सुरू होण्यापूर्वी 'बेजन की यूएस?' हे तीन शब्द विचारावेत. तिथे हा प्रश्न रोजचा आहे, विचारण्यात कसलाही संकोच नको.

दुसरी पायरी: निघण्यापूर्वीची तयारी

भारतातून निघताना पैसे तीन ठिकाणी विभागून ठेवावेत: थोडे रोख अमेरिकन डॉलर, एक अमेरिकन डॉलरचे फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवायचे कार्ड) आणि एक आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड. भारतीय बँकांच्या फॉरेक्स कार्डांवर बार्बाडोस डॉलरचा कप्पा सहसा नसतो, म्हणून त्यात अमेरिकन डॉलरच भरावेत. यूपीआयच्या भरवशावर तिथे जाऊ नये. कार्डांपैकी व्हिसा आणि मास्टरकार्ड ही तिथे सर्वाधिक चालतात.

रोख रकमेबाबत भारतीय नियम असा आहे की, बार्बाडोससारख्या देशात जाताना एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच नोटांच्या रूपात नेता येतात. त्याहून अधिक रक्कम कार्डावर न्यावी लागते. इतकी रोकड प्रत्यक्षात लागतही नाही. राहण्याचे पैसे आधी भरलेले असतील, तर आठवड्याच्या मुक्कामासाठी माणशी दोनशे ते तीनशे डॉलर रोख पुरेसे ठरावेत असे मला वाटते. नोटा घेताना विक्रेत्याकडे एक, पाच, दहा आणि वीस डॉलरच्या नोटा आग्रहाने मागाव्यात. शंभरची नोट छोटे दुकानदार घ्यायला कुरकुरतात, आणि फाटलेली किंवा शाईचे डाग पडलेली नोट तर नाकारलीच जाते, म्हणून नोटा काउंटरवरच एकेक करून तपासून घ्याव्यात.

चलन नेहमी रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडून किंवा बँकेतून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट बरोबर लागते. ५० हजार रुपयांपर्यंतचे परकीय चलन रोख रुपये देऊन घेता येते, त्यापुढची रक्कम बँक खात्यातून द्यावी लागते. चलन बदलण्याच्या व्यवहारावर थोडा जीएसटी लागतो; त्याने घाबरून कोणाकडे बिनपावतीचा व्यवहार करू नये. टीसीएसची, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच कापून घेतल्या जाणाऱ्या प्राप्तिकराची, मात्र पुष्कळांना अकारण धास्ती वाटते. एप्रिल २०२५पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत प्रवासासाठी घेतलेल्या परकीय चलनावर टीसीएस कापला जात नाही. प्रवासी कंपनीकडून घेतलेल्या परदेशी सहलीच्या पॅकेजचा नियम वेगळा असून तिथे तो कापला जातो. पण हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना ती रक्कम तुमच्या प्राप्तिकरात वळती करून घेता येते किंवा परत मागता येते.

विमानतळावरच्या चलन काउंटरवर अखेरच्या क्षणी डॉलर घेणे टाळावे. तिथला दर शहरातल्या विक्रेत्यापेक्षा बहुधा वाईट असतो, आणि रुपयातून डॉलर घेण्याचा टप्पा हाच तुमच्या संपूर्ण प्रवासातला एकमेव टप्पा आहे जिथे चार ठिकाणी चौकशी केल्याचा खरोखर फायदा होतो. चौकशी करताना नुसता दर विचारू नये. 'एवढे डॉलर हवेत, सगळे मिळून किती रुपये होतील?' असे विचारावे, म्हणजे शुल्क आणि कर त्यातच येतात आणि दोन विक्रेत्यांची तुलना खरी होते.

आता कार्डांकडे. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डे केवळ देशातल्या व्यवहारांसाठी चालू केलेली असतात. परदेशी वापर तुम्हाला बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावा लागतो. तिथे दुकानातला वापर, एटीएम, स्पर्शविरहित पेमेंट आणि ऑनलाइन खरेदी यांची बटणे वेगवेगळी असतात. पहिली दोन सुरू करावीत आणि मर्यादा मुक्कामाच्या गरजेपुरती ठेवावी. परदेशी ऑनलाइन पेमेंट मात्र गरज नसेल तर बंदच ठेवावे, कारण भारताबाहेरच्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी न मागताच कार्डावरून पैसे वळते होतात. ओटीपी जिथे लागतो तिथे तो तुमच्या भारतातल्या मोबाइल क्रमांकावर येणार, म्हणून स्थानिक सिम घेतले तरी भारतीय सिम रोमिंगमध्ये निदान संदेश येण्यापुरते चालू ठेवावे. बँकेचा परदेशातून लावता येणारा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. बार्बाडोस भारताच्या साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे तिथल्या दुपारी इथे मध्यरात्र उलटत आलेली असते आणि शाखेत फोन करून काही उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: उतरल्यावर

ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळावर एटीएम आहे. तिथून थोडे बेजन डॉलर काढावेत किंवा बरोबरचे पन्नासएक अमेरिकन डॉलर बदलून घ्यावेत. फार मोठी रक्कम बदलण्याची घाई नको, कारण अमेरिकन डॉलर बेटावर जवळपास सर्वत्र घेतले जातात आणि बेजन डॉलरचा उपयोग बेटाबाहेर नाही.

अमेरिकन डॉलर चालतात तर मग बेजन डॉलर कशाला, असा प्रश्न पडेल. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे मोड. अमेरिकन डॉलर दिले तरी उरलेले पैसे बेजन डॉलरमध्येच परत मिळतात. दुसरे म्हणजे दुकानाचा स्वतःचा दर. बँक अमेरिकन नोटा घेताना दोनपेक्षा किंचित कमी भाव देते; दुकानदार दोनचा भाव देईल, थोडा कमी देईल, किंवा छोट्या टपरीवर सोयीनुसार बराच कमीही देईल. वीस-तीस डॉलरच्या खरेदीत हा फरक किरकोळ असतो, पण दिवसातून पाच-सहा वेळा होत राहिला की तो साठत जातो. म्हणून लहान खर्च बेजन डॉलरमध्ये करावेत, आणि अमेरिकन नोटा टॅक्सी, टिप आणि सहली यांसाठी राखाव्यात.

बेजन नोटा २, ५, १०, २०, ५० आणि १०० डॉलरच्या आहेत. एक डॉलरचे नाणे आहे आणि त्याखाली २५, १० आणि ५ सेंटची नाणी आहेत. डिसेंबर २०२२पासून प्लॅस्टिकच्या नव्या नोटा चलनात आल्या. पाच डॉलरच्या नोटेवर क्रिकेटपटू सर फ्रँक वॉरेल यांचे चित्र आहे. १९६२ साली याच बेटावर चेंडू लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात असताना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल होते, आणि त्यांच्याबरोबर आपले बापू नाडकर्णी व चंदू बोर्डेही होते. ती नोट हाती आल्यावर मराठी क्रिकेटरसिकाने क्षणभर थांबून पाहावी.

चौथी पायरी: रोजचे खर्च

बेटावर तीन प्रकारच्या बस धावतात, आणि पैशांच्या दृष्टीने त्यांच्यात फरक आहे. सरकारी परिवहन मंडळाच्या बस निळ्या रंगाच्या व पिवळ्या पट्ट्याच्या असतात. त्यांत भाड्याची नेमकी रक्कम बेजन चलनात टाकावी लागते, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. खासगी पिवळ्या मिनीबस आणि झेडआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या व्हॅन यांत सुटे पैसे परत मिळतात. अंतर कितीही असले तरी भाडे एकच असते; २०१९मध्ये ते साडेतीन बेजन डॉलर करण्यात आले. खिशात एक डॉलरची नाणी आणि सेंटची चिल्लर असली की दिवसभरात बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अतिशय स्वस्तात जाता येते.

टॅक्सींना मीटर नसतात. भाडे ठिकाणानुसार ठरलेले असते, पण ते तुम्हाला माहीत नसते. म्हणून बसण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: एकूण रक्कम किती, ती माणशी की गाडीची, आणि कोणत्या डॉलरमध्ये. अधिकृत टॅक्सीच्या क्रमांकाच्या पाटीवर सुरुवातीला 'झेड' अक्षर असते, तेवढे पाहून घ्यावे.

उपाहारगृहाचे बिल आल्यावर ते वरपासून खालपर्यंत वाचावे. बार्बाडोसमध्ये मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर साडेसतरा टक्के आहे, आणि दुकानातल्या व उपाहारगृहातल्या किमतींत कर बहुधा धरलेलाच असतो. बिलात १० टक्के सेवा शुल्क मात्र पुष्कळदा वेगळे लावलेले असते. ते लावलेले असेल, तर वेगळी टिप देण्याचे बंधन नाही; नसेल तर दहा ते पंधरा टक्के द्यावी. हे न वाचल्यामुळे एकाच जेवणावर दोनदा टिप देणारे प्रवासी पुष्कळ असतात. हॉटेलच्या बाबतीत आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे की, कर, सेवा शुल्क आणि प्रत्येक रात्रीमागे लागणारी सरकारी आकारणी दरात आहे की निघताना वेगळी भरायची आहे.

शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासळीचा बाजार आणि जेवणाची गर्दी असते. तिथे, तसेच रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर, नारळपाणीवाल्याकडे आणि किनाऱ्यावर खुर्ची-छत्री भाड्याने देणाऱ्यांकडे रोखच लागते, असे धरून चालावे. याउलट ब्रिजटाऊनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील मोठ्या दुकानांत कार्ड चालते आणि तिथे पासपोर्ट व परतीच्या तिकिटाचा तपशील दाखवल्यास करमुक्त दराने खरेदी करता येते. काही वस्तूंवर दोन किमती छापलेल्या दिसतात, त्या याच कारणाने. कागदपत्रे हॉटेलात ठेवून खरेदीला गेल्यास ही सवलत हातची जाते.

पाचवी पायरी: कार्डाने पैसे देताना

हा भाग थोडा शांतपणे वाचावा, कारण नकळत होणारा तोटा सर्वांत जास्त इथे असतो.

समजा जेवणाचे बिल २०० बेजन डॉलर, म्हणजे १०० अमेरिकन डॉलर झाले. दोनच्या भावाने रोख अमेरिकन डॉलर घेतले गेले, तर खर्च १०० डॉलर. दुकानदाराने १.९०चा भाव लावला, तर १०५ डॉलरहून थोडे अधिक. अमेरिकन डॉलरच्या फॉरेक्स कार्डाने बेजन डॉलरमध्ये बिल भरले, तर कार्डावर नसलेल्या चलनातला व्यवहार म्हणून बँक जादा शुल्क लावते. ते साडेतीन टक्के असेल, तर साधारण १०३.५० डॉलर. भारतीय क्रेडिट कार्डाने भरले आणि त्यावरचा परकीय चलन अधिभार साडेतीन टक्के असेल, तर त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण भार ४.१३ टक्के होतो. अधिभार न लावणारी काही क्रेडिट कार्डे भारतात मिळतात. असे कार्ड तुमच्याकडे असेल, तर बेटावरची सगळी मोठी बिले त्याच कार्डाने भरावीत, त्याहून चांगला पर्याय नाही.

यंत्रावर कधीकधी एक प्रश्न येतो: पैसे स्थानिक चलनात द्यायचे की तुमच्या कार्डाच्या चलनात? कार्ड रुपयांचे असेल आणि यंत्र रुपयांचा पर्याय देत असेल, तर तो नाकारावा. रुपयांचा आकडा लगेच दिसतो म्हणून तो सोयीचा वाटतो, पण त्यातला दर यंत्रामागच्या कंपनीने ठरवलेला असतो आणि तो जवळजवळ नेहमी महाग असतो. शिवाय रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही काही बँका वेगळे शुल्क लावतात. अशा वेळी बेजन डॉलर निवडावेत.

अमेरिकन डॉलरच्या फॉरेक्स कार्डाला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नये. हॉटेलने किंवा सहल कंपनीने अमेरिकन डॉलरमध्ये बिल करण्याची तयारी दाखवली, तर आकडा पाहावा. तो बेजन आकड्याच्या बरोबर निम्मा असेल, तर अमेरिकन डॉलरच निवडावेत, म्हणजे दुसऱ्या चलनाचे शुल्क टळते. निम्म्यापेक्षा जास्त असेल, तर जास्तीची रक्कम आणि तुमच्या कार्डाचे शुल्क यांची तुलना करून ठरवावे. दर बांधलेला असल्यामुळे ही तपासणी तोंडी हिशेबाने होते, हा या बेटाचा मोठा फायदा आहे.

हॉटेलमध्ये खोली घेताना आणि गाडी भाड्याने घेताना अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम रोखून धरली जाते. त्यासाठी फॉरेक्स कार्ड देऊ नये. त्यावरचे तुमचे स्वतःचे पैसे अडकून पडतात आणि मोकळे व्हायला काही वेळा सुट्टी संपून जाते. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्यावे.

सहावी पायरी: एटीएम

एटीएममधून बेजन डॉलर मिळतात, म्हणून रक्कम टाकताना आकडा दुप्पट आहे हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक वेळी पैसे काढताना तुमच्या बँकेचे शुल्क लागते, आणि स्थानिक बँकेचेही लागू शकते. हे शुल्क रकमेवर अवलंबून नसेल, तर थोडे थोडे पैसे काढणे महागात पडते: दोन्ही मिळून ५ अमेरिकन डॉलर लागत असतील, तर ५० डॉलर काढण्यावर तो १० टक्के भार झाला, २५० काढण्यावर फक्त २ टक्के. एकदाच पुरेशी रक्कम काढून हॉटेलच्या तिजोरीत ठेवावी आणि रोज लागेल तेवढीच बरोबर घ्यावी. क्रेडिट कार्डावर एटीएममधून पैसे काढू नयेत. त्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. यंत्रे शक्यतो बँकेच्या आवारातली वापरावीत, तीही दिवसा. बँका दुपारीच बंद होतात, शुक्रवारी थोड्या उशिरापर्यंत उघड्या असतात. ऑगस्टचा पहिला सोमवार हा क्रॉप ओव्हर उत्सवाचा अखेरचा दिवस असतो आणि ३० नोव्हेंबर हा स्वातंत्र्यदिन. अशा सुट्ट्यांच्या आदल्या दिवशीच रोख काढून ठेवावी.

शेजारच्या बेटावर जाणार असाल तर

बार्बाडोसचा हिशेब पुढच्या बेटावर चालत नाही. सेंट लुशिया, अँटिग्वा, ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट किट्स, सेंट व्हिन्सेंट ही बेटे पूर्व कॅरिबियन डॉलर वापरतात आणि त्याचा दर १९७६पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. दुकानात हिशेब सोपा करण्यासाठी अडीचचा भाव सांगितला, तर तो सात टक्क्यांहून जास्त तोटा आहे हे ओळखावे. मार्टिनिक आणि ग्वाडलूप हे फ्रान्सचे भाग असल्याने तिथे युरो लागतो. जमैका आणि त्रिनिदाद यांचे स्वतःचे डॉलर आहेत आणि त्यांची किंमत बेजन डॉलरपेक्षा पुष्कळ कमी आहे, तर केमन बेटांचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षाही महाग आहे. प्रत्येक बेटावरून निघताना तिथले चलन तिथेच संपवावे आणि बरोबर फक्त अमेरिकन डॉलर ठेवावेत.

शेवटची पायरी: परतीची तयारी

उरलेले बेजन डॉलर पुन्हा अमेरिकन डॉलरमध्ये बदलणे तोट्याचे आहे; बार्बाडोसने २०१७ साली परकीय चलन विकत घेण्यावर २ टक्के शुल्क लावले, आणि बँकेच्या भावातला फरक त्यावर वेगळा. भारतात तर ते चलन कोणी घेणार नाही. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी हातातली बेजन रोकड मोजावी, एटीएममधून पैसे काढणे बंद करावे आणि उरलेले दिवस त्या रकमेतच भागवावे. विमानतळावर जायच्या टॅक्सीचे भाडे बाजूला काढून ठेवले, की बाकीची रक्कम हॉटेलच्या बिलात रोख भरता येते आणि उरलेले बिल कार्डाने चुकते करता येते. बहुतेक हॉटेले हे आनंदाने करतात, पण आदल्या रात्री विचारून ठेवावे.

घरी पोहोचल्यावर उरलेल्या अमेरिकन डॉलरपैकी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असल्यास १८० दिवसांच्या आत परवानाधारक विक्रेत्याला परत विकाव्या लागतात. कार्डांचा परदेशी वापर अ‍ॅपमधून पुन्हा बंद करावा. हॉटेलची आणि गाडीची अनामत मोकळी झाली आहे का, आणि सहीच्या पावत्यांवरचे आकडे कार्डाच्या विवरणपत्राशी जुळतात का, हे पुढच्या दोन विवरणपत्रांपर्यंत पाहत राहावे. ६० बेजन डॉलरच्या जागी ६० अमेरिकन डॉलर लागलेले दिसले, तर पावती जोडून बँकेकडे लगेच लेखी तक्रार करावी.